शनिवारवाडा ते फुलेवाडा: विद्यार्थ्यांसाठी साहित्याची पायी फेरी

शाळेची ऐतिहासिक फेरी म्हटली की चित्र ठरलेले असते. पुढे शिक्षक, मागे साठ मुले, आणि प्रत्येक वास्तूसमोर सनावळी. शेवटच्या रांगेला निम्मे ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येते ते पाठ्यपुस्तकात आधीच वाचलेले असते. पुण्याच्या पेठांमध्ये याहून खूप चांगले काही करता येते, कारण इथल्या वाड्यांवर, रस्त्यांवर आणि माणसांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. ते लिहिलेले त्याच जागी उभे राहून वाचायचे आणि समोर दिसणाऱ्या दगडाविटांशी ताडून बघायचे, एवढीच या फेरीची कल्पना आहे. काही ठिकाणी मजकूर आणि जागा जुळतात, बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत. मुलांनी ही न जुळणारी ठिकाणे स्वतः शोधावीत यासाठी सगळा खटाटोप.

पुढची आखणी नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आणि वेळ साधारण साडेचार तास. मुख्य थांबे सहा: शनिवारवाडा, लाल महाल, भिडेवाड्याची जागा, विश्रामबागवाडा, मंडई आणि गंज पेठेतला फुलेवाडा. यात सातवा घालायचा मोह आवरा. सहा थांब्यांतच मुलांचे पाय आणि लक्ष दोन्ही थकतात, आणि फेरीतला सर्वांत मोलाचा मजकूर शेवटच्या थांब्यावर आहे.

आधीची तयारी

मुले २४ ते ३०, त्याहून जास्त नकोत. साठ मुलांचा वर्ग असेल तर दोन शनिवार करा. सहा-सहा जणांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख द्या. मोठी माणसे किमान तीन हवीत: एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे आणि एक मधे फिरता. मागच्या माणसाने कुणालाही मागे सोडून पुढे जायचे नाही, मग ते मूल बुटाची नाडी बांधत असले तरी. प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या आणि रस्ता ओलांडल्यावर दर वेळी मुलांनीच आपापला क्रमांक पुकारायचा. डोकी मोजण्यात वेळ जातो आणि गर्दीत दुसऱ्याच शाळेचे मूल मोजले जाते. क्रमांक पुकारायला अर्धे मिनिट पुरते.

पालकांची संमतीपत्रे दोन आठवडे आधी गोळा करा. त्यात मार्ग, सुरुवातीची आणि सुटण्याची जागा, आणि वाचायचे उतारे कोणते हे स्पष्ट लिहा. उताऱ्यांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. या फेरीत जातीबद्दलचे, सत्तेबद्दलचे तिखट लेखन आहे. पालकांना ते आधी कळलेले बरे, आणि मुलांनाही वर्गात एक तास देऊन त्याची पार्श्वभूमी सांगितलेली बरी.

दिवस शनिवारचा, महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मंगळवार आणि संकष्टी चतुर्थी टाळा, कारण दगडूशेठ गणपतीसमोर त्या दिवशी उभे राहायला जागा नसते. गणेशोत्सव आणि दिवाळीची खरेदी यांत तर विचारूच नका. २८ नोव्हेंबर हा जोतीरावांचा स्मृतिदिन आणि ३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती. या दोन दिवशी फुलेवाड्यात लोकांची रीघ असते. वातावरण सुंदर असते, पण शांत वाचन होत नाही. रविवारी अप्पा बळवंत चौकातली बरीच पुस्तकांची दुकाने बंद असतात आणि फेरीनंतर मुलांना पुस्तक घेता येत नाही, म्हणूनही शनिवार.

आता उतारे. प्रत्येक उतारा १२० ते १५० शब्दांचा ठेवा. मराठी मजकूर नीट, ठाय लयीत वाचला तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दीड मिनिट. रस्त्यावर उभ्या मुलांचे कान तेवढेच टिकतात. तीनशे शब्दांचा उतारा वर्गात छान वाटतो आणि फुटपाथवर पार कोसळतो. उतारे १४ टंकात छापा. दोन ए-फोर कागद पाठपोट छापून मधोमध दुमडले की आठ पानांची पुस्तिका होते. ती पुठ्ठ्याच्या पाटीवर चिमट्याने लावून द्या आणि पेनाऐवजी पेन्सिल द्या, कारण उभ्याने पाटी तिरकी धरली की पेन अडते. सुटे कागद देऊ नका, शिवाजी रस्त्यावर ते हमखास उडतात. उतारे मोबाइलवरही पाठवू नका. पडद्याकडे वळलेली नजर पुन्हा वाड्याकडे वळायला फार वेळ घेते.

उतारा कुठून घेता यावर खास लक्ष द्या. सावित्रीबाईंच्या नावाने इंटरनेटवर फिरणाऱ्या ओळींवर विसंबू नका. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुले दांपत्याचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले आहे, ते समोर ठेवून एकेक शब्द ताडा. एकोणिसाव्या शतकातले शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवा आणि अडणारे शब्द तळटीपेत द्या. सुधारून घेतलेली भाषा मुलांना सोपी जाते, पण मग ती त्या माणसाची राहत नाही.

शेवटची तयारी म्हणजे रंगीत तालीम. आठवडाभर आधी, शनिवारीच, त्याच वेळी सबंध मार्ग चालून या. प्रत्येक थांब्यावर उतारा मोठ्याने वाचा आणि सोबत्याला सहा मीटरवर उभे करा. त्याला ऐकू आले नाही तर जागा बदला. कोपऱ्यातून चार पावले गल्लीत सरकले की आवाजात आश्चर्य वाटेल इतका फरक पडतो. खणलेले रस्ते, मांडव, बंद दरवाजे हे सगळे त्याच दिवशी कळते. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारे मूल असेल तर फुटपाथच्या उंच कडा कुठे आहेत ते टिपून ठेवा आणि मंडई ते फुलेवाडा हा टप्पा त्याच्यासाठी रिक्षाने ठरवा, दोन मित्रांसह.

थांब्यावर काय करायचे

क्रम प्रत्येक ठिकाणी एकच: आधी वाचन, मग दोन मिनिटे नुसते पाहणे, मग मुलांचे बोलणे, आणि माहिती सर्वांत शेवटी. माहिती आधी सांगितली की मुले सांगितलेलेच पाहतात. हा क्रम पाळणे शिक्षकांना जड जाते, कारण माहिती जिभेवर असते. तरी पाळा.

वाचन मुलांनीच करायचे. प्रत्येक उताऱ्यासाठी दोन वाचक आधीच ठरवा, एक मुख्य आणि एक राखीव, कारण त्या दिवशी कुणाचा ना कुणाचा घसा बसलेला असतो. वाचकाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, बाकीच्यांनी दोन रांगांच्या अर्धवर्तुळात. उलटे केले आणि वाचकाची पाठ रस्त्याकडे आली तर गाड्यांचा आवाज वाचनावर चढतो. कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक चालेल, मोठा नको. शेजारी लोक राहतात, दुकाने चालवतात.

शनिवारवाडा: सकाळी पावणेआठ

पटांगणात थोरल्या बाजीरावांच्या पुतळ्यापाशी जमा. वाडा उघडण्याची वेळ आणि तिकिटाचा दर आठवडाभर आधी पाहून ठेवा. केंद्रीय संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते, पण वय दाखवणारे शाळेचे ओळखपत्र जवळ हवे. तिपाई लावून चित्रीकरण करायला वेगळी परवानगी लागते, तेव्हा तिपाई घरीच ठेवा. पाण्याची बाटली इथे भरून घ्यायची आणि स्वच्छतागृहही इथेच उरकायचे, हे दोनदा सांगा.

सुरुवात दिल्ली दरवाजासमोर. हा उत्तरेकडचा मुख्य दरवाजा. गटांना दोन कामे द्या. पहिले, एका फळीवरचे अणकुचीदार खिळे मोजा. ७२ भरायला हवेत, आणि ते किती उंचीवर आहेत ते पाहिले की हत्तीने धडक दिली तर ते नेमके कुठे लागतील हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. दुसरे, तटाच्या भिंतीकडे बघून दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ती रेघ शोधा. खाली काळा घडीव दगड आणि वर विटा. दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून वरचे काम विटांत केले, अशी गोष्ट सांगतात. मुलांना ती ‘सांगतात’ या शब्दासकटच सांगा. फेरीभर हा शब्द लागणार आहे.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतला सगळा लाकडी डोलारा जळाला. त्यामुळे आत गेल्यावर जोती, हिरवळ आणि हजारी कारंजे एवढेच दिसते. ‘महाल कुठाय?’ हा प्रश्न येणारच. निराशा होऊ देऊ नका, उलट तिचाच उपयोग करा. कारंज्याच्या कमळाच्या पाकळ्या मोजायला लावा, त्या सोळा आहेत. मग एका जोत्याची लांबी पावलांनी मोजून त्यावर किती मजले, किती माणसे असतील याचा अंदाज बांधायला सांगा.

आता फेरीतले पहिले खरे काम. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही आख्यायिका. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मुलांच्या तोंडी आधीपासून असतो, पण त्याची जागा आपल्या पायाखाली आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. प्रत्येकाने पुस्तिकेत पेन्सिलने ‘नारायणरावांस धरावे’ असे लिहायचे आणि न खोडता त्याचे ‘मारावे’ करून दाखवायचे. देवनागरीत ते बेमालूम जमत नाही, खाडाखोड लगेच दिसते. मग मोडी अक्षरांचे कार्ड काढा, त्यात ध आणि मा शेजारी शेजारी मोठे छापून आणलेले असू द्या, आणि पुन्हा करायला सांगा. यातून वाद पेटतो: जमले असेल का? ते वाचणाऱ्या गारद्यांच्या म्होरक्याला, सुमेरसिंगाला, शंका आली नसेल का? दहा मिनिटे वाद घालू द्या. एक वाक्प्रचार, त्यामागची कथा आणि त्या कथेचा पुरावा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना इथे जसे कळते तसे फळ्यावर लिहून कळत नाही.

‘काका मला वाचवा’ आणि भुताची गोष्ट कुणीतरी काढणारच. दटावू नका. नारायण दरवाजा कुठे आहे ते दाखवा, नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला म्हणून ते नाव पडले असे सांगतात हे सांगा आणि पुढे चला.

वाड्याबाहेर पटांगणात परत आल्यावर ‘घाशीराम कोतवाल’. नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यातच, भरत नाट्य मंदिरात झाला. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. नाटकात रंगमंचावर माणसांचीच एक भिंत उभी राहते. बारा मुलांना खांद्याला खांदा लावून, पाठमोरे उभे करा. सहा-साडेसहा मीटर जागा लागते, म्हणून हे पटांगणातच करायचे, फुटपाथवर नाही. ती भिंत डोलते, मग वळते, मग पुन्हा पाठ फिरवते. संवाद नकोत, संगीत नको. बाकीच्यांना एवढेच विचारा: भिंतीपलीकडे काय चालले आहे ते तुम्हाला दिसले का, आणि भिंतीतल्या माणसांना? यानंतर रस्त्यापलीकडच्या नानावाड्याकडे बोट दाखवा. नाटकात घाशीरामाला कोतवाल करणाऱ्या नाना फडणवीसांचा हा वाडा पेशव्यांच्या वाड्याला किती चिकटून आहे ते पाहिले की सत्तेची जवळीक म्हणजे काय ते कळते.

इथे एक चूक नेहमी होते. मुले नाटकातला घाशीराम आणि इतिहासातला घाशीराम एकच धरून चालतात. तीन वेगळ्या नोंदी पुस्तिकेत छापून ठेवा: १७९१ मध्ये लोकांच्या दगडांनी मारला गेलेला पुण्याचा कोतवाल, १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी त्याच्या नावाने लिहिलेले पुस्तक, आणि १९७२ चे नाटक, जे ऐतिहासिक नाही असे तेंडुलकरांनी स्वतःच सांगितले. नववी-दहावीच्या मुलांना नाटकातला उतारा देऊ नका, भिंतीचा खेळ पुरेसा आहे. अकरावी-बारावीला छोटा उतारा चालेल, शिक्षकांनी आधी सबंध नाटक वाचलेले असेल तर.

लाल महाल

इथे पंधरा मिनिटे पुरतात. समोरची इमारत महापालिकेने बांधलेली आहे आणि १९८८ मध्ये पूर्ण झाली. शहाजीराजांचा मूळ लाल महाल काळाच्या ओघात गेला. हे न सांगितल्यास मुले एप्रिल १६६३ मध्ये शायिस्तेखानाची बोटे याच खिडकीत तुटली असे लिहून मोकळी होतात. वाचायला जोतीरावांचा १८६९ चा शिवाजी महाराजांचा पोवाडा घ्या, पण नुसता वाचू नका. डफ किंवा साधी हलगी आणा, एकाने म्हणायचे आणि चौघांनी झील धरायची. पोवाडा ही ऐकायची गोष्ट आहे. कागदावर अवघड वाटणाऱ्या ओळी तालात आपोआप सुटतात.

शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे

शिवाजी रस्ता एकेरी आहे आणि वाहने स्वारगेटकडून येतात, म्हणजे तुम्ही दक्षिणेला चालत असताना ती समोरून येतात आणि दिसतात. म्हणून हाच रस्ता घ्या. बाजीराव रस्त्याने निघालात तर सगळी वाहतूक पाठीवर येते. एकेरी रांग, फुटपाथ सोडायचा नाही, आणि रस्ता सिग्नलवर, एकदाच, सगळ्यांनी मिळून ओलांडायचा. निम्मा गट पलीकडे गेला आणि सिग्नल पडला तर उरलेल्यांनी जागेवर थांबायचे. धावत जाऊन गाठायचे नाही. पुढचा गट वाट पाहील हे सकाळीच ठरवून सांगा.

भिडेवाडा दगडूशेठ गणपतीच्या समोर होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा इथे सुरू केली. मोडकळीला आलेला जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये, न्यायालयीन लढाई संपल्यावर, राष्ट्रीय स्मारकासाठी उतरवण्यात आला. त्यामुळे जुन्या वाड्याचे छायाचित्र ए-थ्री आकारात छापून, प्लास्टिक चढवून न्या आणि दोन मुलांना ते जागेसमोर उंच धरायला सांगा. मागे आजची जागा, पुढे कालचा वाडा. वाड्याची एक तुळई दिसत नसताना साहित्यच काय ते उरते, हे इथे नीट पोचते.

वाचायचे ते सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र. आजारपणामुळे त्या माहेरी, नायगावला होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. भावाने त्यांच्या कामाला नावे ठेवली आणि त्यांनी त्याला काय उत्तर दिले ते त्यात आहे. दोन वाचक घ्या, एक भाऊ आणि एक बहीण. पत्र इथे लिहिलेले नाही हे आवर्जून सांगा, पण ज्या कामासाठी नावे ठेवली गेली ते काम इथून सुरू झाले. वाचन सुरू असताना समोरून घंटा, हारवाल्यांच्या हाका, रिक्षांचे भोंगे येत राहतील. ते थांबण्याची वाट पाहू नका. पत्रातली बाई याहून मोठ्या गोंगाटात बोलली आहे.

‘काव्यफुले’ १८५४ चे. त्यातली ‘पिवळा चाफा’ किंवा ‘जाईचे फूल’ ही कविता राखीव ठेवा. सावित्रीबाई म्हणजे फक्त शाळा असे मुलांच्या मनात असते, फुलावर लिहिणारी बाई त्यांना माहीतच नसते.

पुढे बेलबाग. नाना फडणवीसांनी बांधलेले विष्णूचे देऊळ दुकानांच्या गर्दीत असे दडले आहे की रोज जाणाऱ्यालाही दिसत नाही. दार दाखवा, आत जायचे असेल तर विचारून जा, नाहीतर पुढे चला. लक्ष्मी रस्त्यावर वळल्यावर वाहने पाठीमागून येतात, तेव्हा मागच्या शिक्षकाने रांगेच्या बाहेरच्या अंगाला चालायचे.

विश्रामबागवाडा: विसावा

दहाच्या सुमारास इथे पोचता. आधी खाणे. प्रत्येकाकडे केळे आणि चिक्की असू द्या, वडापावच्या गाडीवर तीस मुले सोडली तर पाऊण तास गेला. सालींसाठी एक पिशवी ठेवा.

दुसऱ्या बाजीरावांसाठी १८०७ मध्ये बांधलेल्या या वाड्याचा रस्त्याकडचा लाकडी दर्शनी भाग जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येकाने सागवानी कोरीव कामातला एकच तुकडा निवडून पाच मिनिटांत काढायचा. चित्र चांगले येणे महत्त्वाचे नाही. पाच मिनिटे एकाच खांबाकडे पाहिले की केळफुलाच्या पाकळ्या कुठे सुरू होतात आणि कुठे झिजल्या आहेत ते दिसू लागते.

पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत. १८२१ मध्ये इंग्रजांनी त्या दक्षिणेच्या पैशातून इथे संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १८४९ च्या सुमारास हा पैसा मराठी ग्रंथांसाठीही वापरावा अशी मागणी झाली आणि पुण्यात मोठा गदारोळ उठला. मराठी पुस्तकांना पैसा मिळावा की नाही यावर शहर भांडले होते, हे मुलांना सांगाच. वाचायला लोकहितवादींचे एक शतपत्र. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ वृत्तपत्रात ही पत्रे लिहिली. विद्येविषयीचे एखादे निवडा, त्यातली फटकारणारी छोटी वाक्ये मुलांना वाचायला आवडतात. त्याच वर्षी त्यांच्याच पुढाकाराने बुधवारवाड्यात ग्रंथालय सुरू झाले, आज ते पुणे नगर वाचन मंदिर म्हणून चालते. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग जळाला.

मंडई

तुळशीबागेच्या गल्लीतून मंडईकडे निघताना हातपिशव्या आणि पाकिटे पुढे धरायला सांगा. गल्लीत थांबा ठेवू नका.

अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ ची, मूळ नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मंडईवर एवढा पैसा घालण्याला विरोध केला होता. आज तिलाच त्यांचे नाव आहे. ही गोष्ट वाचन संपल्यावरच सांगा, आणि सांगून दोन मिनिटे गप्प बसा. मुले स्वतःच बोलू लागतात.

वाचन ‘शेतकऱ्याचा असूड’ मधले, १८८३ चे. ‘विद्येविना मति गेली’ मुलांना पाठ असते, म्हणून ते टाळा. शेतकऱ्याच्या घराचे, कपड्यांचे, जेवणाचे बारीकसारीक वर्णन असलेला भाग घ्या. मग चार-चार जणांच्या टोळ्या करून पंधरा मिनिटे आत पाठवा. प्रत्येक टोळीने वीस रुपयांची काहीतरी भाजी घ्यायची, ती कुठून आली ते विचारायचे, आणि मोजमापाचे व व्यापाराचे पाच शब्द टिपून आणायचे: जुडी, वाटा, पाटी असे. विकत न घेता नुसते प्रश्न विचारणे हा विक्रेत्याचा वेळ खाणे आहे, आणि सकाळच्या धंद्यात तो वेळ महाग असतो. फोटो विचारल्याशिवाय नाही. हमालांची वाट अडवायची नाही.

फुलेवाडा

मंडईपासून गंज पेठेपर्यंत सव्वा किलोमीटरच्या आसपास चाल आहे, वीस-पंचवीस मिनिटांची. वाटेत काही वाचू नका. मुलांना गप्पा मारू द्या, त्यांना त्याची गरज असते. उशीर झाला असेल तर मंडईतली पाच मिनिटे कापा, फुलेवाड्यातली नाही.

वाड्याच्या अंगणात चपला-बूट ओळीत काढून बसवा. अंगणातल्या तुळशीवृंदावनात जोतीरावांच्या अस्थी आहेत. १८६८ मध्ये त्यांनी आपला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो हौद पाहा. पाहून झाल्यावर बसून वाचायचे, आणि हा एकच उतारा लांब, चार मिनिटांचा.

तो मुक्ता साळवेचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या, मातंग समाजातल्या या चौदा वर्षांच्या मुलीने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. वेद आमचे नाहीत असे तुम्हीच म्हणता, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांगा, असा तिचा सरळ सवाल आहे. वाचक मुलगी त्याच वयाची निवडा. तिने तीन-चार दिवस आधी घरी मोठ्याने वाचून तयारी केलेली हवी, कारण वाक्ये लांब आहेत आणि मधेच अडखळले तर धार जाते. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने रेघा मारून द्या. वाचन संपल्यावर टाळ्या नकोत आणि शिक्षकाचे भाष्यही नको.

लगेच पंधरा मिनिटे लेखन. विषय एकच: आज पाहिलेल्या एका जागेबद्दल, वाचलेल्या मजकुरात नसलेली एक गोष्ट, दहा ओळींत. भिडेवाड्यासमोरचा हारवाला, दिल्ली दरवाजाच्या खिळ्यावर बसलेले कबुतर, मंडईतली पाटी, काहीही चालेल. ‘फेरी कशी वाटली’ हा विषय देऊ नका, त्यावर सगळ्यांचे उत्तर ‘खूप छान’ हेच येते. ज्याला लिहायचे नाही त्याने चित्राखाली एक ओळ लिहिली तरी घ्या.

सुटण्याची वेळ सव्वाबारा. शेवटचा क्रमांकपुकारा इथेच, अंगणात, बूट घालण्याआधी. पालक न्यायला येणार असतील तर त्यांना मंडई मेट्रो स्थानकाजवळ बोलवा, गंज पेठेच्या गल्लीत तीस गाड्या उभ्या राहत नाहीत. पुस्तके घ्यायची असतील त्यांना एका शिक्षकाबरोबर रिक्षाने अप्पा बळवंत चौकात न्या आणि शंभर रुपयांची मर्यादा घाला. पुस्तिका मात्र जाण्याआधी गोळा करा. सोमवारी वर्गात त्या परत वाटायच्या, पण ज्याची त्याला नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या दहा ओळी मोठ्याने वाचायच्या आणि त्या कोणत्या थांब्याच्या आहेत ते बाकीच्यांनी ओळखायचे.